कच्च्या आवाजातलं भांडण

दि. ९ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी कॉलेजात पुन्हा प्रवेशासाठी अर्ज भरून ठेवलाय आणि फक्त माझ्या सहीची जागा रिकामी आहे, हे वाचलं. ती रिकामीच राहील, असं तुझ्या भावाला सांग. दोन वर्षं मी यंत्रांची चित्रं काढली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी वर्गात बसल्या बसल्या लक्षात आलं, की फळ्यावरचं एकही चाक माझ्यासाठी फिरत नाहीये. उठलो आणि बाहेर आलो. तुम्ही सगळे म्हणता अर्धवट सोडलं. मी म्हणतो, माझ्यापुरतं ते पुरं झालं होतं.

आता बातमी ऐक. मी एका सिनेमाचे संवाद लिहितोय! आधीचा लेखक दिग्दर्शकांशी भांडून निघून गेला. दिग्दर्शकांनी खोलीतल्या आम्हा मदतनिसांवर नजर फिरवली आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ते बघून माझ्या हातात कागद दिले. सिनेमा विनोदी आहे, प्रेमाचा आहे, आणि त्यातले नवरा-बायको उठल्यापासून झोपेपर्यंत भांडतात. दुकान एकच. अर्ध्यात तो घड्याळं दुरुस्त करतो, अर्ध्यात ती कपडे शिवते, आणि मध्ये खडूची रेघ. होय, तुमचंच दुकान. ओरडू नकोस. सगळं नीट झालं तर पडद्यावर माझं नाव येईल, संवाद म्हणून. मग बाबांनी तो अर्ज घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घालावा.

अडचण एवढीच, की माझ्याकडचा साठा संपत आलाय. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे राहून जेवढी भांडणं ऐकली तेवढी सगळी वापरली. ताजी पाठव. आतोबांची बाजूही पाठव, नाहीतर नायक फार बावळट दिसतो.

आणखी एक. इथे संकलनाच्या खोलीत एक मुलगी काम करते. चित्रित झालेले तुकडे कापायचे आणि जोडायचे हे तिचं काम. सगळे तिला कात्री म्हणतात आणि तिला ते आवडतं, यावरून काय ते समज. परवा तिने माझं सर्वात लाडकं वाक्य कापलं. मी जाब विचारला तर म्हणाली, वाक्य छान होतं पण ते बोलणारा माणूस छान दिसत नव्हता. मी तासभर वाद घातला. घरी येताना जिन्यातही एकटाच घालत होतो. तुला सांगून ठेवतो, मला ती मुलगी अजिबात सहन होत नाही आणि रविवारी सुट्टी असते याचाही भयंकर राग येतो.

लोभ आहे हे माहीत आहे. कमी करायचा झाला तर आधी कळवावे.

तुझा,
तडतड्या

-----

दि. १६ जानेवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

दुकान ढापलंस ते ढापलंस, वर ओरडू नकोस म्हणतोस! तुझ्या आतोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नायक देखणा असेल तर हरकत नाही.

दादाशी बोलले. त्याने अर्ज उचलून कपाटात ठेवला. फाडला नाही आणि टेबलावरही ठेवला नाही, याचा अर्थ तुझा तू लाव. माझं मत विचारशील तर अजून वेळ गेलेली नाही. पण तू विचारणार नाहीस.

आता घे ताजा माल. सोमवारी मी एका गिऱ्हाइकाच्या पॅंटचं माप घ्यायला वाकले होते. तेवढ्यात यांनी ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि चार बोटं माझ्या बाजूला सरकवून नवी ओढली. मी मान वर करते तर माझी कात्री यांच्या राज्यात! मी म्हटलं, ही काय चोरी? हे म्हणाले, तुझ्या मशीनच्या धक्क्याने माझे बारके स्क्रू नाचत नाचत दर आठवड्याला तुझ्या हद्दीत जातात, मी फक्त स्क्रूंच्या मागे गेलो. मी म्हटलं, आणि तुमच्या भिंतभर टिकटिकीने माझी शिलाई वाकडी जाते, तिच्यामागे मी कुठे जाऊ? गिऱ्हाइकाला न्यायाधीश केलं. तो बिचारा एक पाय दुमडलेला, एक पाय लांब, तसाच पळाला. अजून आलेला नाही.

त्या मुलीबद्दल तू पानभर लिहिलंस आणि तुला ती सहन होत नाही म्हणतोस. बरं. मी काही म्हणत नाही. मला हसू आलं एवढंच. जेवत जा वेळेवर.

आशीर्वाद कायम आहेत, न मागताही पोहोचतील.

तुझी,
आत्या

ता. क. खालचा मजकूर माझा, आतोबांचा आहे. रेघ दोन बोटं सरकवली होती. चार नव्हे. सिनेमात दोनच दाखवणे.

-----

दि. २ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास व ती. आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नका. तुमचा तडतड्या जिंकला!

नीट सांगतो. आमच्याकडे चित्रीकरण आधी होतं, नट-नटी आपले संवाद नंतर सावकाश येऊन म्हणतात. तोवर संकलनाचं काम अडू नये म्हणून आमच्यातलेच कुणीतरी ते बोलून ठेवतात. त्याला कच्चा आवाज म्हणतात. नायकाचा कच्चा आवाज मी आणि नायिकेचा कात्री. छोटी खोली, एक माइक, दोघांची डोकी जवळजवळ आपटतात. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक काका. त्यांची एक खोड आहे. बाकीचे लोक रिळाच्या डब्यावर पास किंवा नापास लिहितात, काका खरा किंवा खोटा असं लिहितात. चांगला झालेला आवाज खरा, फसलेला खोटा.

बुधवारी दुपारी शेवटचा प्रसंग होता. नवरा दुकानाच्या बंद दाराबाहेर, बायको आत, दोघंही दाराला पाठ टेकून, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. तोंडं दिसतच नाहीत. दिग्दर्शकांच्या हट्टामुळे मी लिहिलं होतं, की बायको माफी मागते, यापुढे कधी भांडणार नाही म्हणते आणि दार उघडते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण लिहिलं. कात्री ती ओळ म्हणेना. म्हणाली, ही बाई असं मरेस्तोवर म्हणणार नाही. मी म्हटलं, लिहिलंय ते वाच. ती म्हणाली, लिहिणाऱ्याने आयुष्यात एखादी बाई पाहिली आहे का? मी म्हटलं, एकच पाहतोय, रोज, आणि पुष्कळ झालं. मग जे सुरू झालं ते काही विचारू नकोस. लाडकं वाक्य कापल्यापासून सगळं निघालं. ती म्हणाली, तुला फक्त स्वतःचा आवाज ऐकायला येतो. माझं डोकं फिरलं आणि तोंडातून निघून गेलं, की तू आली नाहीस त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरोबर असतो, आणि त्यात काही मजा नाही.

मग ती गप्प. आत्या, ती कधी गप्प बसत नाही! मी घड्याळ पाहत नव्हतो, पण आतोबांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं माझ्या छातीत वाजत होती. मग तिने हळूच म्हटलं, मग चुकत जा ना रोज, मी आहे.

एवढं म्हणून ती उठून गेली आणि मी माइककडे बघत बसलो. नंतर पुन्हा येऊन आम्ही लिहिलेलं सगळं शहाण्यासारखं वाचलं. काकांनी दोन्ही रिळं डब्यांत भरली. आम्हाला वाटलं, पहिलं पुसलं असेल. पण काकांनी त्या भांडणावर लिहिलं, खरा. आणि माफीवर लिहिलं, खोटा.

शनिवारी निर्मात्यांना आतापर्यंतचा सिनेमा दाखवायचा होता. लावणाऱ्याने डब्यावर खरा वाचलं आणि तेच रीळ लावलं. पडद्यावर बंद दार, दोन वाकलेली डोकी, आणि आमचं भांडण! मी खुर्चीत वितळलो. पण लोक हसायला लागले. मग हसता हसता थांबले. शेवटची ओळ आली आणि निर्माते उठून टाळ्या वाजवू लागले. म्हणाले, ही शेवटची ओळ, ही ज्याने लिहिली त्याला समोर आणा. दिग्दर्शकांनी मला पुढे ढकललं. मी उभा राहिलो आणि वाकून नमस्कार केला. आता हाच शेवट राहणार, नट-नटी शब्दन्‌शब्द तसंच म्हणणार, आणि माझं नाव पडद्यावर येणार, एकट्याचं, अख्ख्या पाटीवर!

बाबांना सांग. कपाट उघड आणि सांग.

लोभ होताच, आता अभिमानही करायला हरकत नसावी.

तुमचा,
तडतड्या

-----

दि. ७ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तातडीने लिहितोय. कात्री माझ्याशी सहमत व्हायला लागली आहे.

हसू नकोस. शनिवारपासून मी काहीही म्हणालो तरी ती हो म्हणते. सोमवारी मी मुद्दाम म्हटलं की तिसऱ्या प्रसंगात एक लांब भाषण घालूया. ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल तसं. तुम्हाला! काल तिच्या टेबलावरचा चहा मी पिऊन टाकला. म्हणाली, असू द्या. मी म्हटलं, तुझी जोडणी उसवलेल्या बाहीसारखी दिसतेय. हे मी आयुष्यात म्हटलेलं सर्वात घाणेरडं वाक्य आहे आणि खोटंही. ती म्हणाली, बघते.

आत्या, माझं नाव पडद्यावर येणार आहे आणि मला जेवण जात नाही. काय केलं मी? तिचं खाजगी बोलणं चारचौघांत वाजलं म्हणून? पण डबा मी लावला नव्हता! ते बोलणं माझंही होतं! मी कशाला खाली मान घालू? पण ती जर अशीच हो हो करत राहिली तर मी वेडा होईन. ती गेली तर जाऊ दे असं मला म्हणता येत नाही. तीनदा म्हणून पाहिलं.

लगेच लिही. लोभ वगैरे नंतर.

तडतड्या

-----

दि. १२ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, चूक तुझीच आहे आणि मान खालीच घालायची आहे. मी आणि तुझे आतोबा दिवसभर भांडतो, पण एकमेकांना लागलेलं जे असतं ते कधी गिऱ्हाइकासमोर काढत नाही. गिऱ्हाइकासमोर आम्ही रेघ, स्क्रू, पंखा यांवर भांडतो. आतलं बोलणं आतच. त्या पोरीने मनातलं एक वाक्य तुला दिलं आणि ते चाळीस माणसांनी ऐकलं. मी असते तर महिनाभर तोंड दाखवलं नसतं. तेव्हा जा, दिग्दर्शकांना सांग की तो आवाज नको. नाव जाईल. जाऊ दे. नाव काय, पुढच्या सिनेमात येईल. मुलगी पुढच्या सिनेमात येत नसते.

हे शिकवायला मला आनंद होतोय असं नाही. मी दादाला बातमी सांगून बसले होते. तो म्हणाला, एकट्याचं नाव? आणि मग चष्मा पुसत बसला, कितीतरी वेळ.

आशीर्वादांत या वेळी थोडी काळजी मिसळली आहे, चव बदललेली वाटेल.

तुझी,
आत्या

ता. क. आतोबा. हिचं ऐकू नकोस. मी तुझं पत्र दोनदा वाचलं. टाळ्या कुणाच्या ओळीला पडल्या आणि वाकलं कोण, एवढंच बघ.

त्याची ता. क. यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. यांना बायका कळत नाहीत, छत्तीस वर्षांची साक्ष आहे. आत्या.

-----

दि. १२ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत मी करून मोकळा झालो. थांबणं मला जमत नाही, हे तुला नवीन नाही.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलो, खरा लिहिलेला डबा काढला, रीळ यंत्रावर चढवलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुसून टाकलं. दोन मिनिटं दहा सेकंद. दुसरी प्रत नाही. पुसताना ऐकू काहीच येत नाही, नुसतं रीळ फिरत राहतं. त्याच्याइतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

मग स्वतःच दिग्दर्शकांसमोर जाऊन उभा राहिलो. ते इतके ओरडले की बाहेरचे लोक आत येऊन उभे राहिले. मी म्हटलं, ते तुमच्या सिनेमासाठी बोललेलं नव्हतं. एका मुलीने मला म्हटलेलं होतं, आणि ते मी कुणालाही वापरू देणार नाही, मलासुद्धा नाही. ते म्हणाले, तू कोण वापरू न देणारा, चालता हो. मी म्हटलं, होतो. नट-नटींना माफी मागायला लावा, आणि प्रेक्षकांची माफी तुम्ही मागा. आणि चालता झालो. पाठीमागे काचेतून ध्वनिमुद्रक काका बघत होते. त्यांचं तोंड मला बघवलं नाही.

आता खोलीत बसलोय. भाड्याची खोली, एक खिडकी, समोर कुणाचं तरी वाळत घातलेलं जाकीट. बाबांना सांगायचं तर खुशाल सांग, की पोराचं कॉलेज गेलं आणि सिनेमाही गेला. पण अर्ज आणून देऊ नका. मी हरलो असेन, पण सहीपुरता हरलेलो नाही. योग्य केलं. छातीवर हात ठेवून सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा पूर्णपणे बरोबर वागलोय. तिला कळेलच. मग ती येईल आणि निदान एक शिवी तरी देईल.

या वेळी लोभाची खरोखरच गरज आहे.

तुझा,
तडतड्या

-----

दि. १४ फेब्रुवारी

श्री. संवादलेखक यांस,
सा. न. वि. वि.

खोलीवर येऊन भांडले असते, पण मग तुम्ही मध्ये बोलला असता. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाचणे, मगच ओरडणे.

तू ते रीळ पुसलंस. मला विचारलंस का? जगात दोन माणसं त्या रिळावर बोलत होती, त्यातल्या एकाने ठरवलं आणि पुसलं. आणि वर सगळ्यांसमोर सांगितलंस की एका मुलीसाठी केलं. त्या मुलीला माहीत नव्हतं!

तुला वाटलं मला लाज वाटली. कसली लाज? मी जे बोलले ते मला मान्य आहे, लाउडस्पीकरवर लाव, चौकात लाव. मला राग कशाचा आला ते ऐक. निर्माते उठले आणि म्हणाले, ही शेवटची ओळ ज्याने लिहिली त्याला आणा. शेवटची ओळ माझी होती. मग चुकत जा ना रोज, मी आहे. माझी, माझ्या तोंडातून निघालेली, तुझ्या कागदावर कधीच नसलेली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तू उठलास आणि वाकलास. एकदा मागे वळून पाहिलंही नाहीस. तीन वर्षं मी या खोलीत लोकांची वाक्यं कापते, जोडते, नीट करते, आणि त्यांना वाटतं ती तशीच होती. तुझ्याकडून ती अपेक्षा नव्हती, कारण तुझं प्रत्येक वाक्य तू माझ्याशी भांडूनच सुधारलं आहेस आणि हे तुला ठाऊक आहे.

मला नाव हवं होतं. माझ्या अर्ध्याचं. मी वाट पाहत होते की तुझ्या आपोआप लक्षात येईल. दहा दिवस हो हो म्हणत बसले, माझा जबडा दुखला.

दिग्दर्शकांना सोमवारपर्यंत नवा शेवट हवाय. मी सांगून आले आहे, की आम्ही दोघं लिहून आणू. दोघं, हा शब्द मी दोनदा म्हटला. उद्या सकाळी दहाला संकलनाच्या खोलीत ये. उशीर केलास तर मी एकटी लिहीन आणि माझ्या नायकाला एकही ओळ देणार नाही.

लोभाबद्दल सोमवारनंतर बोलू.

कात्री

-----

दि. ३ मार्च

ती. सौ. आत्यास व ती. आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आतोबा, तुमची ता. क. मला कात्रीच्या पत्रानंतर मिळाली. टपाल एक दिवस आधी आलं असतं तर मी तिच्याकडे जाऊन आपणहून कबूल केलं असतं आणि थोर दिसलो असतो. ते गेलं. आत्या, तू चुकलीस आणि आतोबा बरोबर होते, हे लेखी दिल्याबद्दल ते मला काय देणार ते कळवावे.

पंधरा तारखेला मी पावणेदहालाच पोहोचलो. ती साडेनऊपासून बसलेली होती. पहिला तास मी माफी मागितली. तिने ती अर्ध्यावर तोडून म्हटलं, की फार लांबली. मग आम्ही ते भांडण आठवून लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की ते परत येत नाही. शब्द आठवत होते, पण एकदा बोलून झालेलं मनापासून पुन्हा बोलता येईना. म्हणून नवं लिहिलं. दाराबाहेरचा नवरा आता म्हणतो, की तुझी वाक्यं मी माझी म्हणून लोकांना सांगत आलो. आतली बायको म्हणते, मला माहीत आहे, मी मुद्दाम बरी वाक्यं स्वतःकडे ठेवत होते. पुढचं सिनेमा येईल तेव्हा बघ. दार कोण उघडतं यावर आमचे तीन तास गेले.

सोमवारी कागद दिग्दर्शकांच्या टेबलावर ठेवले आणि मी आधीच सांगून टाकलं, की दोन नावं येणार असतील तरच वाचा. एका नावावर द्यायला माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, तू अटी घालतोस? हाकललेला माणूस? मी म्हटलं, हाकललेल्यालाच परवडतं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, पाटीवर आधी कुणाचं नाव? आम्ही दोघं एकदम बोललो आणि ते कपाळाला हात लावून खोलीबाहेर गेले. दोन्ही नावं येणार आहेत, एकाच ओळीत. बाबांना एवढंच सांग, की एकट्याचं नाव नाहीये, आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये. चष्मा पुसायचा तर पुसू देत.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात मी तिला लग्नाचं विचारलं. तोंडी विचारलं असतं तर मध्येच भांडण झालं असतं, म्हणून लिहून नेलं. सतरा वाक्यं होती. फार मेहनत घेतली होती. तिने टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि माझ्यासमोर पंधरा कापली. उरली दोन. पहिलं, माझ्याशी लग्न कर. त्याला ती हो म्हणाली आहे, आत्या! हो म्हणाली, आणि या वेळी सहमत होऊन नाही, मनापासून.

दुसरं वाक्य असं आहे, की यापुढे मी नेहमी तुझं ऐकेन. ती म्हणते, हे तुला जमणार नाही, हे तुझं तूच काढ. पाच दिवस झाले, रोज सांगतेय, काढ. मी स्पष्ट सांगितलंय, काहीही झालं तरी काढणार नाही.

तुम्हा दोघांचा लोभ आता एका पत्त्यावर दोघांसाठी पाठवावा, वाटणी आम्ही भांडून करू.

तुमचा,
तडतड्या